पानावरची सूक्ष्म बुरशी: ओळखायची कशी, तिचं वर्णन लिहायचं कसं

पानावर काळा डाग दिसला की पहिला प्रश्न मनात येतो, "ही कोणती बुरशी?" माझं सांगणं असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. नावाची घाई झाली की डोळे बघायचं सोडतात. पुस्तकातल्या चित्राशी जुळणारं तेवढं दिसतं आणि न जुळणारं नजरेतून निसटतं. आधी झाड कोणतं ते पक्कं करा, मग समोर जे आहे ते मोजून-मापून लिहून काढा. असं केलं की नाव बहुतेक वेळा स्वतःच जवळ येतं. नाहीच आलं तरी लिहिलेलं वर्णन वाया जात नाही, कारण ते पान कधीच न पाहिलेला माणूस पुढे त्यावरून ती बुरशी ओळखू शकतो.

या कामात नवख्यालाही खरोखर नवं काही सापडू शकतं. शास्त्रीय नाव मिळालेल्या बुरशींची संख्या आजमितीला दीड लाखाच्या आसपास आहे, आणि २०१७ साली मांडलेल्या अंदाजानुसार जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. त्यातल्या पुष्कळ जाती पानांवर, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्यांत राहतात.

काय जवळ असावं

दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग, आणि १०, ४० व १०० शक्तीची भिंगं असलेला साधा सूक्ष्मदर्शक. त्याच्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) बसणारी मोजपट्टी आणि ती पडताळायला काचपट्टीवरची मोजपट्टी. नवी ब्लेड, दोन सुया, स्लाइड, कव्हरस्लिप. लॅक्टिक ॲसिड, लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू, ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण, रंगहीन नेलपॉलिश आणि डीपीएक्स (स्लाइड कायमची चिकटवायचा द्रव). लॅक्टोफेनॉलमधलं फेनॉल त्वचेला भाजतं आणि त्याची वाफही घातक असते. ते हवेशीर जागी, हातमोजे घालूनच वापरा. मी शक्यतो नुसत्या लॅक्टिक ॲसिडवरच भागवतो.

पहिली पायरी: पान आणि झाड

पानावरच्या बुरशींतल्या अनेकजणी यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. एखादी एकाच प्रजातीच्या झाडांवर वाढते, एखादी एकाच कुळात. म्हणून झाड चुकीचं ओळखलं तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या दिशेला जाते. (इथे "प्रजाती" म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द आणि "जाती" म्हणजे पूर्ण जोडनाव. मराठीत या दोन शब्दांची सतत गल्लत होते.)

नुसतं रोगट पान तोडून आणू नका. त्याच झाडाची फुलं किंवा फळं असलेली डहाळीही घ्या. फुलं नसतील तर झाडाचे, सालीचे, पानांच्या मांडणीचे फोटो काढा आणि फुलोऱ्याच्या वेळी परत जा. झाडाचं नाव पक्कं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. चुकीच्या नावापेक्षा "अमुक कुळातलं अनोळखी झुडूप" ही नोंद कितीतरी जास्त उपयोगाची असते.

कोवळ्या, मध्यम आणि जुन्या डागांची दहा-पंधरा पानं घ्या. कोवळ्या डागावर अजून बीजाणू आलेले नसतात, आणि फार जुन्या डागावर मेलेल्या पेशी खाणाऱ्या भलत्याच बुरशींनी ठाण मांडलेलं असतं. मधल्या वयाचे डाग सगळ्यात कामाचे. पानं कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत काही तासांतच पाणी सुटतं आणि क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया अशा संधिसाधू बुरशी वर चढतात.

नोंद तिथल्या तिथे करा. तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाड, पानाची कोणती बाजू, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. घरी गेल्यावर आठवून लिहू असं ठरवलं की उंची आणि पानाची बाजू नेमकी विसरली जाते.

परत आल्यावर निम्मी पानं ताजी असतानाच तपासायला घ्या आणि बाकीची टिपकागदात घालून दाबाखाली वाळवा. पहिले काही दिवस कागद रोज बदला. वाळलेलं पान कागदी पाकिटात घालून आठवडाभर उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं की किडे आणि त्यांची अंडी मरतात.

दुसरी पायरी: भिंगातून बघा, सूक्ष्मदर्शक अजून बाजूलाच

या पायरीवर जितका वेळ द्याल तितका थोडाच. पान वरून, खालून आणि उजेडासमोर धरून बघा. बुरशी पानावर आहे की पानात? बोटाने पुसली जाते का? डाग शिरेपाशी थांबतो की शिर ओलांडून जातो? कडा कशी आहे, भोवती पिवळं वलय आहे का?

पांढरी पिठी दिसली तर बहुधा भुरी. नारिंगी किंवा तपकिरी भुकटीचे फुटलेले फोड म्हणजे बहुधा तांबेरा. पानाच्या वरच्या बाजूला पिवळट, शिरांनी आखलेला डाग आणि त्याच्या बरोबर खाली राखाडी-जांभळट लव असेल तर तो केवडा. केवड्याचा जीव मात्र खरी बुरशी नव्हे. तो ऊमायसीट गटातला, नात्याने तपकिरी शैवालांना जवळचा. त्याच्या तंतूंना आडपडदे (पेशी वेगळ्या करणाऱ्या आडव्या भिंती) जवळपास नसतात आणि पेशीभित्तीत सेल्युलोज असतं. आपल्या वर्गीकरणाच्या वाटेवरून तो इथेच वेगळा होतो.

अजून एक फसवा पाहुणा आहे. चामड्यासारख्या जाड पानांवर मखमली, नारिंगी, गोल ठिपके दिसतात. नवखा माणूस त्यावर खुशाल "तांबेरा" लिहून मोकळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र आडपडद्यांचे नारिंगी केस आणि त्यांच्या टोकाला गोल पिशव्या दिसतात. हे सेफॅल्युरोस नावाचं शैवाल आहे, बुरशी नाही. तांबेऱ्याची भुकटी बोटाला लागते, या शैवालाची मखमल तशी लागत नाही.

काळ्या रंगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून तिथे थोडं थांबू. पानावर काळा थर दिसला तर तीन शक्यता आधी तपासायच्या. पहिली काजळी बुरशी, कॅप्नोडियम आणि तिचे सोबती. मावा, खवले किडे, पांढरी माशी यांनी टाकलेल्या गोड चिकट स्रावावर ती वाढते, झाडाच्या पेशींतून काही घेत नाही. ओल्या कापसाने पुसलं की थर निघतो आणि खाली हिरवं पान दिसतं. दुसरी मेलिओला आणि तिचं कुटुंब. हिच्या वसाहती गोल, काळ्या, खरखरीत असतात आणि सहज पुसल्या जात नाहीत, कारण तिने पेशींत शोषक मुळं रोवलेली असतात. भिंगातून वसाहतीवर काळे ताठ केस दिसले तर मेलिओलाची शक्यता बळावते. तिसरी ॲस्टेरिना. हिची वसाहत पातळ, पानाला चिकटलेली असते आणि तिच्यात चपटे, ढालीसारखे बारीक ठिपके असतात. चकचकीत काळा, पानातच उमटलेला, डांबराच्या थेंबासारखा डाग असेल तर फायलॅकोराचा विचार करा.

तपकिरी, वाळलेले डाग उरले. त्यांत बारीक काळे ठिपके बुडालेले असतील तर ते फळपिंड, म्हणजे आत बीजाणू तयार होतात अशा बारीक रचना, असतात. फायलोस्टिक्टा, सेप्टोरिया, कोलेटोट्रिकम अशा प्रजाती तिथे सापडतात. काळे ठिपके नसून राखाडी किंवा ऑलिव्ह रंगाची लव असेल तर सर्कोस्पोरा आणि तिचे भाऊबंद.

तिसरी पायरी: स्लाइड

एकच रीत सगळ्यांना चालत नाही.

मेलिओला आणि ॲस्टेरिनासाठी नेलपॉलिशची पद्धत मला सगळ्यात आवडते. वसाहतीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग ब्लेडच्या टोकाने एका कडेने अलगद उचला. सगळी वसाहत जशी पानावर पसरली होती तशीच्या तशी पारदर्शक पापुद्र्यात निघून येते. स्लाइडवर डीपीएक्सचा थेंब टाकून त्यावर पापुद्रा पसरा आणि कव्हरस्लिप ठेवा. एक-दोन दिवसांत ती वाळते आणि स्लाइड टिकाऊ होते. खरवडून केलेल्या स्लाइडमध्ये तंतूंची मांडणी मोडते, आणि या गटात तर मांडणीच बघायची असते. तंतूंच्या फांद्या समोरासमोर फुटतात की एकाआड एक, काटकोनात की लघुकोनात, हे पापुद्र्यात स्वच्छ दिसतं. बीजाणू मोजायला मात्र वेगळी स्लाइड करा. एखादं पक्व फळपिंड सुईने उचलून लॅक्टिक ॲसिडच्या थेंबात फोडा.

भुरीसाठी पारदर्शक चिकटपट्टी पानावर हलकेच दाबून उचला आणि पाण्याच्या किंवा ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबावर ठेवा. पान ताजंच हवं. भुरीच्या बीजाणूंमध्ये फायब्रोसिन नावाचे चमकदार, काडीसारखे किंवा शंकूसारखे कण असतात की नसतात, यावर प्रजाती ठरते. वाळलेल्या नमुन्यात ते कण ओळखू येतील याचा भरवसा नाही.

तपकिरी डागांसाठी आडवा छेद घ्यायला शिका. थर्मोकोलच्या तुकड्याला चीर पाडून त्यात पानाची पट्टी धरा आणि नव्या ब्लेडने जमतील तितके पातळ काप घ्या. तीसेक काप घेतले की दोन-तीन चांगले निघतात. फळपिंड पानात किती खोल आहे, त्याची भिंत किती थरांची आहे, बीजाणूधर (ज्यांवर बीजाणू येतात ते तंतू) पर्णरंध्रातून बाहेर येतात की त्वचा फोडून, हे छेदाशिवाय कळत नाही.

कॉटन ब्लू रंगहीन भाग उठावदार करतो, म्हणून पारदर्शक बीजाणूंसाठी तो उत्तम. तपकिरी बुरशीला तो लावू नका. तिचा मूळ रंग हेच वर्णनातलं महत्त्वाचं लक्षण आहे आणि निळ्या रंगाखाली ते झाकलं जातं.

चौथी पायरी: मोजमाप

नेत्रिकेतल्या मोजपट्टीचे भाग म्हणजे मायक्रोमीटर नव्हेत. प्रत्येक भिंगासाठी त्यांची किंमत वेगळी काढावी लागते. काचपट्टीवरच्या मोजपट्टीवर साधारणपणे १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रोमीटरचा. समजा ४० शक्तीच्या भिंगाखाली नेत्रिकेचे ४० भाग काचपट्टीच्या १० भागांशी तंतोतंत जुळले. ४० भाग म्हणजे १०० मायक्रोमीटर, तर एक भाग २.५ मायक्रोमीटर. प्रत्येक भिंगाचा असा आकडा काढून सूक्ष्मदर्शकावरच कागद चिकटवून ठेवा.

निदान ३० बीजाणू मोजा, आणि मोठे, देखणे तेवढे निवडू नका. समोर येईल तो पक्व बीजाणू मोजायचा. लिहिताना बहुतेकांची मापं मधे आणि अपवाद कंसात: (३४–)३६–४२(–४५) × १४–१७ मायक्रोमीटर. नुसती सरासरी दिली तर बीजाणू किती बदलतात हे वाचणाऱ्याला कळत नाही. कोणत्या द्रवात मोजलं तेही लिहा, कारण द्रव बदलला की काही बीजाणू फुगतात किंवा आकसतात.

फोटो काढा, पण चित्रही काढा. फोटोत एका पातळीवरचंच स्पष्ट येतं. चित्र काढताना तुम्ही फोकस वरखाली करत तो बीजाणू पूर्ण समजून घेता. आडपडदे मोजायला विसरलात हे हमखास चित्र काढतानाच लक्षात येतं. प्रत्येक चित्राला मापरेषा हवी. "४०० पट मोठं" असं लिहिणं उपयोगाचं नाही, कारण छपाईत चित्र लहानमोठं झालं की ते खोटं ठरतं.

पाचवी पायरी: गट ते प्रजाती

बीजाणूंपासून सुरुवात करा. इटलीच्या पिएर आंद्रेआ साकार्डो यांनी एकोणिसाव्या शतकात बीजाणूंच्या आकारावर, आडपडद्यांवर आणि रंगावर आधारलेली मांडणी केली. त्यातले सात आकार आजही बोलीत आहेत: एकपेशीय, दोनपेशीय, आडव्या पडद्यांनी अनेकपेशीय, आडवे-उभे दोन्ही पडदे असलेले (विटांच्या भिंतीसारखे, उदाहरणार्थ अल्टरनेरिया), दोऱ्यासारखे लांब, मळसूत्री आणि ताऱ्यासारखे. नात्यागोत्याचा पुरावा म्हणून ही मांडणी आता चालत नाही, कारण एकसारखे बीजाणू अगदी दूरच्या कुळांतही निर्माण झालेले आहेत. डोळ्यांना शिस्त लावायला मात्र तिच्याइतकं चांगलं साधन नाही.

बीजाणू कसा दिसतो याच्याइतकाच तो कसा जन्मतो हाही प्रश्न महत्त्वाचा. कॅनडातल्या स्टॅन्ली ह्यूजेस यांनी १९५३ मध्ये यावरच वर्गीकरण उभं करायचा मार्ग दाखवला. बीजाणू साखळीत येतात की एकेकटे, साखळीत सगळ्यात कोवळा वर असतो की खाली, बीजाणू गळल्यावर मागे व्रण राहतो का, हे सगळं टिपा.

आता भुरी. बीजाणू साखळीत आणि त्यांत फायब्रोसिन असेल, तर पोडोस्फेरा मनात धरा. साखळी आहे पण फायब्रोसिन नाही, तर गोलोविनोमायसेस बघा. बीजाणू एकेकटे पिकत असतील तर एरिसाइफी. बुरशीचे तंतू पानाच्या आत शिरलेले आणि बीजाणूधर पर्णरंध्रातून बाहेर येत असतील तर लेव्हेल्युला. गदेसारखे बीजाणू, बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला, तर फिलॅक्टिनिया. काळी गोल फळपिंडं मिळाली तर ओळख आणखी पक्की होते. कव्हरस्लिपवर हलका दाब देऊन फळपिंड फोडा आणि आतल्या धानी, म्हणजे बीजाणू असलेल्या पिशव्या, मोजा. पोडोस्फेरात एकच धानी असते, बाकी वर सांगितलेल्यांत अनेक. फिलॅक्टिनियाच्या फळपिंडाला ताठ सुयांसारखी उपांगं असतात आणि त्यांच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा असतो. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

तांबेऱ्यात उन्हाळी बीजाणूंच्या अंगावर बारीक काटे असतात, पण प्रजाती ठरवायला शक्यतो जाड भिंतीचे, गडद हिवाळी बीजाणू मिळवा. देठावर दोन पेशींचा बीजाणू असेल तर पुक्सिनिया, एकाच पेशीचा असेल तर युरोमायसेस, ही सुरुवातीची ढोबळ वाट.

मेलिओलात तंतूवर दोन पेशींची पकडपदं (पानाला धरून ठेवणारी बारीक उपांगं) असतात, खाली देठाची पेशी आणि वर डोक्याची. तंतूंवर ताठ केस असतात. धानीबीजाणू तपकिरी, चार आडपडद्यांचे म्हणजे पाच पेशींचे आणि पडद्यांपाशी आवळलेले. ॲस्टेरिनात पकडपदं बहुतेक एकपेशीय असतात. फळपिंड ढालीसारखं चपटं, मध्यातून किरणांसारख्या पसरलेल्या पेशींचं, पिकल्यावर ताऱ्यासारखं फाटतं. धानीबीजाणू दोन पेशींचे. मेलिओलासाठी बेली यांनी १९२० मध्ये आठ आकड्यांचं सूत्र सुचवलं. बीजाणू, पकडपदं, केस यांची लक्षणं आणि मापं आकड्यांत बांधायची, म्हणजे जवळच्या जाती पटकन शेजारी आणता येतात. शेकडो जातींच्या या प्रजातीत ते सूत्र खरोखर वेळ वाचवतं.

सर्कोस्पोराच्या गोतावळ्यात नवखे सगळ्यात जास्त अडखळतात, आणि किल्ली अगदी बारीक जागी आहे: बीजाणू जिथून गळतो तिथला व्रण. १०० शक्तीचं भिंग तेल घालून लावा आणि बीजाणूधराच्या टोकाकडे बघा. व्रण जाड, गडद वलयासारखा दिसतो का? मग बीजाणूचा रंग बघा. व्रण जाड आणि बीजाणू रंगहीन, सुईसारखा: सर्कोस्पोरा. व्रण जाड आणि बीजाणू रंगीत: पॅसालोरा आणि तिच्यातून वेगळ्या काढलेल्या प्रजाती. व्रण जाडावलेला नाही आणि बीजाणू रंगीत: स्यूडोसर्कोस्पोरा. व्रण जाड आणि पानावर पसरलेल्या तंतूंच्या अंगावर बारीक खरखरीत पुटकुळ्या: झॅस्मिडियम. व्रण दिसत नाही म्हणून "नाही" लिहायची घाई करू नका. निदान दहा-बारा बीजाणूधर तपासा आणि बीजाणूच्या बुडाचाही व्रण बघा, कारण दोन्हीकडे तो सारखाच असायला हवा.

बुरशीवरची बुरशी

यावर वेगळं लिहायलाच हवं. सुरुवातीच्या काळात मी एका काळ्या वसाहतीतले सुंदर, लांब, तपकिरी बीजाणू दोन दिवस खपून काढले होते. पुढे कळलं की ते त्या वसाहतीवर वाढणाऱ्या दुसऱ्याच बुरशीचे होते. मेलिओलाच्या वसाहतींवर स्पायरोपेससारख्या बुरशी नेहमी भेटतात. भुरीवर अँपेलोमायसेस असते आणि ती भुरीच्याच बीजाणूधरात आपली बारीक फळपिंडं करते. तांबेऱ्याच्या फोडांवर स्फेरेलॉप्सिसचे काळे ठिपके येतात. म्हणून नियम असा की जो बीजाणू ज्या तंतूला चिकटलेला पाहिला, तोच त्या बुरशीचा मानायचा. मोकळा तरंगणारा बीजाणू फक्त "सोबत दिसला" म्हणून नोंदवायचा. स्लाइडमध्ये दोन वेगळ्या जाडीचे, वेगळ्या रंगाचे तंतू दिसले तर थांबा आणि प्रत्येकाचा माग काढा.

सहावी पायरी: वर्णन लिहिणं

वर्णन बाहेरून आत जातं. आधी डाग किंवा वसाहत, मग तंतू, पकडपदं, केस, मग फळपिंड किंवा बीजाणूधर आणि शेवटी बीजाणू. वाक्यं तुटक चालतात, अंदाज चालत नाही. एका मेलिओलाचं वर्णन कसं लिहावं, त्याचा हा नमुना (आकडे फक्त नमुन्यापुरते):

"वसाहती पानाच्या वरच्या बाजूस, दाट, मखमली, ३ मिलिमीटरपर्यंत, कधी एकमेकींत मिसळणाऱ्या. तंतू तपकिरी, सरळ ते किंचित नागमोडी, ६–९ मायक्रोमीटर रुंद. फांद्या समोरासमोर, लघुकोनात. पकडपदं एकाआड एक, १८–२४ मायक्रोमीटर लांब. देठाची पेशी ४–८ मायक्रोमीटर. डोक्याची पेशी अंडाकृती, अखंड कडेची, १२–१६ × ९–१२ मायक्रोमीटर. केस सरळ, टोकाला अणकुचीदार, ४०० मायक्रोमीटरपर्यंत. फळपिंडं विखुरलेली, गोल, १८० मायक्रोमीटरपर्यंत. धानीबीजाणू लांबट, ४ आडपडद्यांचे, पडद्यांपाशी आवळलेले, ३६–४२ × १४–१७ मायक्रोमीटर."

यात "मोठा", "लहान", "सुंदर", "नेहमीसारखा" असा एकही शब्द नाही. जे दिसलं नाही तेही लिहा: "धानी दिसल्या नाहीत" ही माहितीच आहे. आणि जे बघितलंच नाही, त्याला "नाही" म्हणू नका.

सातवी पायरी: नाव

आता, आणि आताच, जुन्या वर्णनांशी ताडून बघा. शोध यजमानापासून सुरू करा: या झाडावर, मग या प्रजातीच्या झाडांवर, मग या कुळात आजवर कोणकोणत्या बुरशी नोंदल्या गेल्या? त्यातल्या प्रत्येकीच्या मूळ वर्णनाशी तुमची मापं शेजारी-शेजारी लिहा.

नाव सापडलं की ते आज चालू आहे का हे इंडेक्स फंगोरम किंवा मायकोबँक या खुल्या नामकोशांत तपासा, कारण नावं बदलतात. भुईमुगाच्या टिक्का रोगाचंच बघा. तो एक रोग नाही, दोन बुरशींचे दोन रोग आहेत. लवकर येणाऱ्या टिक्क्याचे बीजाणू मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला येतात, उशिरा येणाऱ्याचे खालच्या बाजूला. त्या उशिराच्या बुरशीचं नाव कधी सर्कोस्पोरा पर्सोनाटा होतं, मग सर्कोस्पोरिडियम पर्सोनाटम, मग फिओइसॅरिऑप्सिस पर्सोनाटा आणि आता नोथोपॅसालोरा पर्सोनाटा. बुरशी तीच, व्रण तेच, फक्त नात्यांची समज बदलत गेली. जुना लेख वाचताना ही साखळी माहीत नसेल तर एकाच बुरशीच्या चार नोंदी चार जाती वाटतात.

पूर्वी एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना वेगवेगळी नावं देता येत. २०११ च्या मेलबर्न परिषदेत ती मुभा संपली आणि एका बुरशीला एकच नाव हे तत्त्व आलं. जुन्या ग्रंथांत दोन नावं दिसली तर दचकू नका.

खात्री नसेल तर प्रजातीपर्यंतच थांबा. "स्यूडोसर्कोस्पोराची जाती, निश्चित नाही" असं लिहिणं कमीपणाचं नाही.

डीएनए तपासणीची सोय असेल तर जरूर करा. आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ पासून बुरशींचा मुख्य बारकोड, म्हणजे जाती ओळखायची खूण, मानला जातो. पण सर्कोस्पोरासारख्या काही गटांत तो एकटा जवळच्या जाती वेगळ्या करायला पुरत नाही. मेलिओला कृत्रिम माध्यमावर वाढत नाही, त्यामुळे डीएनए थेट पानावरच्या वसाहतीतून घ्यावा लागतो, आणि तिच्यावर दुसरी बुरशी बसलेली असेल तर त्या दुसरीच्याच डीएनएचा क्रम हाती येऊ शकतो. म्हणजे इथेही आधी सूक्ष्मदर्शकच.

आणि नवी जाती असेल तर?

आधी स्वतःवर शंका घ्या. आणखी नमुने मिळवा, जवळच्या जातींचे मूळ नमुने पाहायला मिळतात का ते बघा. फक्त यजमान वेगळा आहे म्हणून नवी जाती करू नका. रचनेत, मापांत किंवा डीएनएत सातत्याने फरक दाखवता आला पाहिजे.

नामकरणाचे नियम आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. १ जानेवारी २०१२ पासून वर्णन किंवा फरक सांगणारा मजकूर लॅटिन किंवा इंग्रजीत असावा लागतो. १ जानेवारी २०१३ पासून नाव प्रसिद्ध करताना मान्य नोंदणीकेंद्राकडून मिळालेला क्रमांक छापणं बंधनकारक आहे. एक नमुना मूळ नमुना म्हणून नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहालयात ठेवला हे सांगावं लागतं. तो घरच्या कपाटात ठेवू नका, नोंदणीकृत वनस्पतिसंग्रहात जमा करा. शंभर वर्षांनी तुमच्या वर्णनावर कुणी शंका घेतली तर तिचं उत्तर त्या पाकिटातल्या पानात असेल. पुरेशी पानं असतील तर जोडनमुने (मूळ नमुन्याबरोबरच गोळा केलेले त्याचेच भाग) दुसऱ्या संग्रहालाही पाठवा.

पाकीट बंद करण्याआधी त्यावर एक ओळ पेन्सिलने लिहा: पुन्हा कधी जायचं. भुरीची काळी फळपिंडं बहुतेक हंगामाच्या शेवटी येतात आणि तांबेऱ्याचे गडद बीजाणूही पानं जून झाल्यावर. पहिल्या फेरीत जे दिसलं नाही ते त्याच झाडावर दोन-तीन महिन्यांनी सापडतं. तेव्हा त्याला नवा क्रमांक द्या, आणि शेरा म्हणून जुना क्रमांकही लिहा.